एका पानाचा आराखडा

नाही पण मी म्हणते, एक पान म्हणजे किती असतं हो? तुम्हीच सांगा! पुढची एक बाजू, फार तर उलटून मागची. संपलं! दुसरीतल्या पोराला विचारलंत तरी बोट ठेवून दाखवेल, हे बघा पान. पण आमच्या घरात... आमच्या घरात, तुम्हाला सांगते, एक पान म्हणजे एकतीस! वर पुठ्ठ्याची फाईल, फाईलला नाडी, नाडीला गाठ, आणि ती गाठ मारलेली मामंजींनी, म्हणजे ती मेली सुटायचं नाव घेत नाही. साधं एक पान मागितलं होतं हो! साधं एक पान!

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई मधूनच उसवायला लागली.

तर मी अल्टरवाली. नवीन कपडा मी शिवत नाही. पँटची उंची दोन बोटं कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला, कोटाचं अस्तर लावा, ते सगळं माझ्याकडे. देवाने माणसं घडवली वेगवेगळी आणि कारखान्याने कपडे शिवले एकसारखे, त्या दोघांत समेट घडवून आणायचा, हा माझा धंदा. एकोणीस वर्षं मी एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात हे काम केलं. कुठे? तळघरात! खिडकी नाही, झरोका नाही, डोक्यावर एक ट्यूब, तीही डोळे मिचकावणारी. काळा दोरा कुठला आणि निळा कुठला, हे बघायला मला जिना चढून दुकानाच्या दारापर्यंत जावं लागायचं. दिवसातून दहा वेळा! लोकांचे गुडघे म्हातारपणाने जातात, माझे काळ्या-निळ्याने गेले.

आणि एक दिवस मालक म्हणाले, "ताई, हल्ली लोक कपडा घट्ट झाला की नवीन घेतात हो, तुमचा विभाग आता बंद करतोय." झालं! एकोणीस वर्षं पिशवीत भरून घरी.

मग कळलं, की पालिका जुन्या वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या चार खोल्या छोट्या धंद्यांना देणार आहे. गेले बघायला. तीन आधीच गेलेल्या, एक उरलेली, आणि त्या एकीला... काय सांगू तुम्हाला... ही एवढी खिडकी! रस्त्याकडे तोंड करून. मी पर्समधून दोन दोरे काढले, एक काळा, एक निळा, खिडकीपाशी धरले. लग्गेच कळलं! जागच्या जागी! जिना नाही, काही नाही! आणि मला तिथे रडू आलं. हसताय काय? एकोणीस वर्षं तळघरात बसून बघा, मग हसा.

पण खोलीवर डोळा ठेवून आणखी एक जण होता, मोबाइलची कव्हरं विकणारा. म्हणून अर्ज घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "शुक्रवारी अकरापर्यंत दोघांनी धंद्याचा आराखडा आणून द्या. फार नको. काय करणार, कोणासाठी, कसं चालवणार. साधं एक पान."

माझी चूक कुठे झाली सांगू? मी हे घरी जेवताना बोलले. एकटीने बसून गुपचूप लिहिलं असतं तर दहा मिनिटांचं काम. पण नाही! पोळी तोंडात असताना बोलले, आणि बाकीच्यांच्या पोळ्या ताटातच राहिल्या.

आमचे हे शाळेत गणिताचे मास्तर. हे उठले, हात धुतले, पट्टी आणली. "अगं, आधी समास! समास आखल्याशिवाय विचार सरळ येत नाहीत." आणि समास आखत बसले. एका पानाला किती समास लागतात? हे पंधरा पानं आखून मोकळे! मी म्हटलं, अहो, एकच पान हवंय. तर म्हणतात, "कच्चं काम नको का?"

तोवर मामंजींनी चष्मा चढवलेला. मामंजी म्हणजे माझे सासरे, कचेरीत हेडक्लार्क होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली पण कचेरी अजून त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. "लिहा! महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही सदर ठिकाणची रहिवासी असून..." दोन पानं झाली, तुम्हाला सांगते, दोन पानं, तरी पँटचा पत्ता नाही! नमनालाच घडाभर तेल! मी म्हटलं, मामंजी, कंबर सैल करणार हे कुठेतरी येऊ द्या. तर म्हणाले, "एकदम कंबरेवर यायचं नसतं, सूनबाई."

आणि मग आले भाऊजी. माझे धाकटे दीर. त्यांनी उद्योजक कसं व्हावं याची दोन दिवसांची कार्यशाळा केलीय. धंदा एकही केला नाही, पण कार्यशाळेतला बिल्ला अजून छातीवर. आल्या आल्या ते समासांवरून, महोदयांवरून उडी मारून थेट आभाळात! "वहिनी! स्वप्न मोठं बघा! पँटकडे नका बघू, पँटच्या पलीकडे बघा!"

"पँटच्या पलीकडे काय असतं, भाऊजी? दुसरी पँट."

"असं नाही हो! बरं, मला सांगा, तुमचं गिऱ्हाईक कोण?"

"ज्यांचं पोट सुटलंय ते."

"आणि त्यांनी व्यायाम सुरू केला तर?"

"तर कंबर घट्ट करून द्यायची."

"आणि व्यायाम सोडला तर?"

"तर काय, सोडतातच! पुन्हा सैल."

"वहिनी!!" असे ओरडले की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "वहिनी, हे तर चक्र आहे! न संपणारं चक्र!" आणि काढलं चक्र. बाण काढले, बाणांना शेपट्या काढल्या. तर आमचे हे म्हणाले, हे वर्तुळ नाही, हा बटाटा आहे. मग कंपास आला. मग त्रिज्येवरून वाद! मामंजी म्हणाले, आकृतीला क्रमांक हवा, अ, मग एक, मग कंसात एक. रात्रीची भांडी तशीच. साधं एक पान हो!

भाऊजींचा पुढचा प्रश्न, स्पर्धक कोण? मी आपली खरं बोलून गेले, "तसं म्हटलं तर सासूबाई. अख्ख्या गल्लीची बटणं फुकटात लावून देतात." लिहिलं त्यांनी! धोका क्रमांक एक, घरातील ज्येष्ठ महिला! आणि सासूबाई नेमक्या पाणी द्यायला आल्या आणि वाचलं. "धोका? मी धोका? चाळीस वर्षं या घरात काढली आणि शेवटी धोका?" दोन दिवस अबोला! माझ्याशी नाही हो, सगळ्यांशी! तिसऱ्या दिवशी हळूच माझ्या कानाशी आल्या, "खोली कशी आहे गं? उजेड आहे ना?" आठवडाभरात खोलीबद्दल विचारणारं ते एकटं माणूस. धोका क्रमांक एक!

मंगळवारी आराखड्यात चार शाखा होत्या. बुधवारी चाळीस झाल्या. गुरुवारी चार गाड्या आल्या, 'फिरती कात्री' नावाच्या, गावोगाव जाऊन पँटी छोट्या करणाऱ्या. मला सायकल येत नाही! मारुतीच्या शेपटासारखी पानं वाढतायत, आणि मी त्यात स्वतःला शोधतेय. सापडले! पान अठरा, सगळ्यात खाली, समासाला टेकून: 'सदर महिला यंत्र चालवील.' बस्स! एवढीच मी! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, इथे तर नाकच गायब!

बोलायचं होतं मला. पण तिघांचे चेहरे असे फुललेले... घरात इतक्या वर्षांत तिघं पुरुष एका टेबलाशी बसून हसताना मी पहिल्यांदा बघत होते. कसं बोलायचं? चहा टाकला. माझं हे असंच, दुसऱ्याचे कपडे मापाचे करते आणि घरातल्या माणसांना टाचणी लावायची हिंमत नाही.

शुक्रवारी सगळी वरात पालिकेच्या कचेरीत. मामंजी फाईल छातीशी धरून, भाऊजी बिल्ला पुसून, हे पट्टी खिशात घालून. पट्टी कशाला विचारलंत? मीही विचारलं. "असू दे" म्हणाले. कव्हरवाला आमच्या आधी जाऊन आलेला, बाकावर घाम पुसत बसलेला.

आत गेलो. बाईंनी नाडी ओढली. नाही सुटली. दोन्ही हातांनी ओढली. नाही! मामंजी कौतुकाने बघतायत, "सरकारी गाठ आहे." शेवटी मी पर्समधली कात्री काढून कच्चकन कापली, मामंजी असे कळवळले जसं काही त्यांची शेंडीच कापली. बाईंनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग दहावं, मग पंचविसावं, आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला चार गाड्या हव्यात?"

"नको हो."

"चाळीस शाखा?"

"मला एक खिडकी हवीय."

"मी साधं एक पान मागितलं होतं ना?"

तर आमचे हे म्हणतात, "समासांमुळे वाढलं."

बाईंनी घड्याळ बघितलं. "अकराला बारा मिनिटं आहेत. बाहेर बाक आहे. एक पान लिहून आणा. एकट्या." आणि तिघांकडे बघून पुन्हा, "एकट्या!"

बाहेर आले तर तिन्ही तोंडं एकदम सुरू! "महोदयापासून घे" "समास डावीकडे" "वहिनी, स्वप्न..." आणि मला काय झालं कोण जाणे, तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी मामंजींसमोर आवाज चढवला. "गप्प बसा! तिघंही! तिकडे, त्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहा! खोली मला हवीय, तुम्हाला नाही!"

गेले! निमूट गेले! आमचे हे दोन पावलं गेले, परत आले, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून माझ्या हातात दिलं, आणि समासाचं नाव न काढता पुन्हा टाकीपाशी. पाच दिवसांत त्यांनी केलेली मदत म्हणाल तर तेवढीच. पण खरी.

आता लिहायचं काय? कागद कोरा, डोकं कोरं. मी मान वर केली. समोरून शिपाई चालला होता, पँट टाचेखाली येऊन फरशी पुसत होती. खिडकीशी एक गृहस्थ, कोटाची दोन टोकं एकमेकांना भेटायला तयार नाहीत. एका बाईच्या बाहीला सेफ्टी पिन. आणि तो कव्हरवाला, बिचाऱ्याच्या बाह्या चार घड्या घालून वर केलेल्या. म्हटलं, अगं बाई, हे काय, सगळा आराखडा तर चालत फिरतोय!

लिहिलं. सरळ लिहिलं. 'मी कपडे माणसाच्या मापाचे करते. एकोणीस वर्षं करते आहे. गिऱ्हाईक म्हणजे सुटलेले, वाळलेले आणि थोरल्याचे कपडे घालणारे धाकटे. या व्हरांड्यात आत्ता आठ आहेत, आत एक. मशीन माझं आहे. सकाळी दिलं तर संध्याकाळी मिळेल. ज्या कपड्यात माया नाही तो घेणार नाही, खोटी आशा लावणार नाही. उजेड लागेल.'

बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "माया म्हणजे?"

म्हटलं, "शिवताना आत दुमडून जास्तीचं कापड ठेवतात ना, ती माया. ती असली की माणूस कितीही सुटू दे, कपडा सांभाळून घेतो. हल्ली कारखान्यात ती कापूनच टाकतात."

बाईंनी पुन्हा कागदाकडे बघितलं. म्हणाल्या, "आणि हे 'आत एक' कोण?"

मी मेले! आता काय सांगू? सांगितलं. "तुमच्या डाव्या खांद्याची टीप सुटलीय. एक कपाट उघडलंत की गेलीच." त्यांनी वळून बघितलं, आणि हसल्या अशा की बाहेर टाकीपाशी तिघांना वाटलं, खोली गेली!

मिळाली हो! मिळाली! कव्हरवाल्याने अठ्ठेचाळीस पानं दिली होती आणि त्यात कव्हर हा शब्दच नव्हता. सोमवारी मशीन खिडकीशी लावलं, सासूबाईंनी पहिली टीप मारली, मी दार उघडून बसले. पहिलं गिऱ्हाईक कोण यावं? तोच कव्हरवाला! म्हटलं, बाह्या द्यायला आलाय. तर म्हणतो, "ताई, दुसऱ्या जागेसाठी अर्ज करतोय. ते एक पान कसं लिहिलंत? मलाही द्या ना लिहून." कळवळा आला, दिलं लिहून. त्याला जागा मिळाली. आणि त्याने गावभर सांगितलं!

आता माझ्या दाराशी रांग असते. पंक्चरवाला, केस कापणारा, फुलवाली. पहिल्या आठवड्यात कामं आली किती? तीन पँटी आणि अकरा आराखडे! परवा एक जण हा एवढा गठ्ठा घेऊन आला. मी म्हटलं, अहो, पाटी वाचा, इथे मी फक्त अल्टर करते! तर म्हणतो, "हो ना ताई, म्हणून तर आणलाय. जरा लांब झालाय, उंची कमी करून द्या."

काय करता! म्हटलं, ठेवा तिथे. किती बोटं कापू?