काय जेवता, ते आधी सांगा

आजच्या समारंभाचे आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठ भूषविणारे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या आमच्या रक्त-प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे आम्हा सर्वांच्या बाई, रुग्णालयातले सहकारी, माझे आजी-माजी विद्यार्थी, आणि मागच्या दारापाशी उभं राहून चहाच्या किटलीवर नजर ठेवून असलेले मित्रहो,

थोडक्यात बोला, अशी अध्यक्षांची सूचना आहे. ती पाळली जाईल याची हमी मी देत नाही. त्याचं कारण आधीच सांगून टाकतो.

बाईंनी आपल्या कारकिर्दीतली शेवटची तपासणी आज दुपारी पूर्ण केली. ते रक्त माझ्या धाकट्या मुलीचं आहे. निकाल बाईंना ठाऊक आहे, मला नाही. मघाशी जिन्यात त्यांनी विचारलं, “आत्ता सांगू, की भाषण झाल्यावर?” मी म्हटलं, “भाषण झाल्यावर.” तेव्हा माझं बोलणं जितकं लांबेल, तितका वेळ माझी धाकटी निरोगी आहे. हा विचार शास्त्रीय नाही, हे मला मान्य आहे.

पण भीती कसली, हे कळायला हवं असेल तर थोडं शिकवू द्या. शिक्षकाच्या हाती माइक दिल्यावर आपण दुसरी अपेक्षा तरी कशी ठेवलीत?

गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. काहींच्या शरीराला मात्र ते शत्रू वाटतं, आणि त्या गैरसमजापायी शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व शोषून घेणं हे तिचं काम. ती झडत जाते. माणूस पोटभर जेवतो आणि तरी उपाशी राहतो. हा सिलिॲक आजार. आता यातली सुंदर गोष्ट पाहा. या लढाईत शरीर जी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी तयार करतं, ती रक्तात उतरतात. हाताच्या शिरेतून काढलेलं चमचाभर रक्त आतड्यातली बातमी बाहेर आणतं. शेवटची खात्री दुर्बीण घालून, आतड्याचा कण तपासूनच होते. पण कुणाला दुर्बिणीपर्यंत न्यायचं, हे रक्त सांगतं.

अट एकच. माणूस गहू खात असला पाहिजे. गहू थांबला की लढाई थांबते, प्रतिपिंडं ओसरतात, आणि आजार असूनही रक्त म्हणतं, इथे सगळं ठीक आहे.

म्हणूनच बाईंचा शिरस्ता असा, की या तपासणीसाठी कुणी आलं की सुई टोचण्याआधी बाकावर त्याच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं, “काय जेवता, ते आधी सांगा.” एकदा एका गृहस्थांना वाटलं, बाई जेवायला बोलावताहेत. ते संकोचून म्हणाले, “तुम्ही कराल ते चालेल.”

हा प्रश्न एकाच मुलीला विचारायचा राहिला. ती माझी थोरली.

थोरली वाळत चालली होती. वर्गातल्या मुली उंच होत गेल्या, ही होती तिथेच राहिली. ओठ पांढरे, तोंड आलेलं, पोट फुगलेलं. आमच्या घरात अर्धवट वैद्यकीय ज्ञानाला तोटा नाही. माझी मेहुणी, म्हणजे मुलींची मावशी, परिचारिका आहे. तिला संशय आला आणि तिने माझ्या पत्नीला सांगितलं, “ताई, तपासणी होईल तेव्हा होईल, गव्हाची पोळी-पाव-बिस्किटं आजच बंद कर. पोरीचे हाल बघवत नाहीत.” बंद केली. पोर सुधारली. मग यथावकाश मी तिला तपासणीला आणली. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. रक्त घेणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने विचार केला, हे सर तर आम्हाला हाच धडा शिकवतात, घरच्या माणसाला काय विचारायचं? आणि माझ्या डोक्यात भीतीने इतकी गर्दी केली होती, की फळ्यावर वर्षानुवर्षं लिहिलेलं वाक्य आत शिरायला जागाच नव्हती.

अहवाल निर्दोष आला. मी तो घेऊन जवळजवळ नाचत बाईंच्या खोलीत गेलो. बाईंनी चष्मा काढला.

“मुलगी गहू खाते?”

“छे, कधीच बंद केला.”

“मग चोर निघून गेल्यावर पंचनामा केलात तुम्ही. मी यावर सही करत नाही. पाव सुरू करा, काही आठवडे रोज द्या, मग पुन्हा बघू.”

मित्रहो, ज्या घासाने मुलगी आजारी पडते तोच घास तिला रोज भरवायचा, याची आपण कल्पना करून पाहा. घरी पत्नी म्हणाली, “माझ्या हाताने मी हे देणार नाही, आणि माझ्यासमोर तुम्हीही देऊ नका.” त्यामुळे थोरली शाळा सुटली की प्रयोगशाळेत यायची आणि बाईंच्या टेबलापाशी बसून पाव खायची. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, “बाबा, हे खाल्लं की माझं पोट दुखतं, हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“म्हणजे माझं दुखलं तरच तुम्हाला कळणार?”

ही तपासणी मी अनेकांना अनेक प्रकारे समजावली आहे. इतक्या थोड्या शब्दांत मला ती कधी जमली नाही. मी पावाचा पुढचा तुकडा तिच्यापुढे ठेवला.

काही दिवसांनी बाईंना स्टेपलर हवा होता. त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला. आत पावाचे तुकडे, वाळून कडक झालेले, नीट एकावर एक रचलेले. थोरली निम्मा पाव खात होती, निम्मा लपवत होती. मी रागवायला तोंड उघडलं. बाईंनी हाताने मला थांबवलं आणि तिला म्हणाल्या, “हे असंच चाललं तर तुझं रक्त पुन्हा खोटं बोलेल. मग आपल्याला पुन्हा पहिल्यापासून खावं लागेल.”

“मला भीती वाटते.”

“मलाही वाटते गं. रोज तुझी वाट बघते आणि रोज वाटतं, आज नाही आली तर बरं.”

बाईंच्या तोंडून ‘भीती’ हा शब्द मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. थोरलीने उरलेला पाव संपवला. पुढचे आठवडे ती पुन्हा सुकत गेली, आणि आम्ही सगळे ते बघत बसलो. दुसऱ्यांदा रक्त घेतलं. काहींचं शरीर मुळातच त्या जातीची प्रतिपिंडं कमी बनवतं आणि तिथेही फसगत होते, म्हणून बाईंनी तीही पातळी मोजायला लावली. ती ठीक होती. आजाराची प्रतिपिंडं मात्र भरपूर होती. दुर्बिणीने तेच सांगितलं. पत्नी रडली नाही. म्हणाली, “चला, आता पाव खरोखरच बंद.”

आज थोरली तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची उंची आपण बघालच. मागच्यांना दिसत नाही अशी तक्रार आली आहे.

हा आजार मात्र रक्ताच्या नात्यांत फिरतो. म्हणून लक्षण एकही नसताना धाकटीचं रक्त घ्यावं लागलं. पाव ती भरपूर खाते, हे बाईंनी स्वतः बाकावर बसून विचारून घेतलं. त्यामुळे आजचा निकाल जो असेल तो खरा असेल, आणि माझी भीती नेमकी तीच आहे. सकाळी थोरली बहिणीला धीर देत होती, “काही होत नाही. फक्त ड्रॉवरमध्ये लपवू नकोस, बाई बघतात.”

बाई, खऱ्याला घाबरूनही ते विचारायचं कसं, हे आम्ही तुमच्याकडून शिकलो. उद्यापासून त्या बाकावर आमच्यापैकी कुणीतरी बसेल. घरचा माणूस आला तरी विचारेल.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल, चहा थंड झाला असेल, तर उदार मनाने पदरात घ्यावं.

माझी खुर्ची त्या टोकाला आहे. तिथे जाताना मला बाईंच्या खुर्चीसमोरूनच जावं लागेल.

बाई, माझं भाषण झालं.