ढिगातली शिदोरी

मंडळी,

मला उभं करू नका, असं मी हेडमास्तरांना दोनदा सांगितलं. मोकल मास्तरांबद्दल बोलायचं तर माझ्याबद्दलही बोलावं लागतं, आणि कॉलेज अर्धवट टाकून घरी बसलेल्या माझ्याबद्दल पनवेलात आधीच पुष्कळ बोलून झालंय.

तर सहलीचं सांगतो. मास्तरांच्या सहलीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांच्या शिदोऱ्या घोंगडीवर एका ढिगात. ज्यानं त्यानं डोळे मिटून एक उचलायची. कोणाची भाकरी कोणाच्या पोटात! घरोघरी कुरकुर झाली. आमच्या आईनं विचारलं, "आणि सुकट निघाली तर?" मास्तर म्हणाले, "वहिनी, पोराचं नशीब चांगलं समजायचं."

आठवीत करंजाच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो होतो. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. ढिगातलं निळ्या काठाचं एक फडकं माझ्या ओळखीचं होतं. कोणाचं, ते विचारू नका; ती आता सासरी आहे. ते नेमकं हसनच्या हाताला लागलं. मी झडप घातली, तो सोडेना, आणि भाकरी वाळूत पडली. हसन, समोर बसून हसू नकोस!

मास्तरांनी आपली भाकरी हसनला दिली. मला म्हणाले, "जिच्यासाठी भांडलास, ती टाकायची नाय. खा." खाल्ली. अख्खी. दोन दिवस दात करकरत होते.

यंदा तिचं लग्न झालं आणि मी कॉलेज सोडलं. साऱ्या गावानं मला समजावलं. मास्तरांनी नाही. ते दारात आले नि म्हणाले, "रविवारी पोरं कर्नाळ्यावर न्यायची हायत. गुडघे ऐकत नाय. येशील?"

मी ताडकन म्हणालो, "मास्तर, पोरं हाकायला जन्मलो नाही मी."

"बरं," म्हणाले, "तुझी शिदोरी मी आणतो."

मी गेलो नाही. राग कोणाचा, आणि काढला कोणावर?

मास्तर एकटेच पोरांना घेऊन गड चढले. संध्याकाळी आमच्या ओट्यावर एक पुरचुंडी ठेवून गेले. मी तिला हात लावला नाही. बुधवारी मास्तर गेल्याचं कळलं, तेव्हा सोडली. तांदळाची भाकरी, दगड झालेली. टाकायची नाय. तीही अख्खी खाल्ली.

डॉक्टर म्हणतात, छातीचं दुखणं जुनं होतं, गडाचा संबंध नाही. डॉक्टरांचं डॉक्टर जाणोत.

हेडमास्तर, 'मास्तर गेले, सहली संपल्या' असं तुम्ही काल म्हणालात. त्यावर भांडायला निघालो होतो. वाटेत हसननं दंड धरला. म्हणून भांडत नाही, हात जोडतो. पुढची सहल मला नेऊ द्या. घोंगडी मास्तरांच्या घरून मागून आणली आहे.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मास्तरांच्या नियमानं, डोळे मिटून.

या वेळी मीही मिटतो.