खिडक्या उघड्या ठेवून

बॉथेलच्या ग्रोसरीत मोरेश्वरकाका चिकन घ्यायला उभे, अन् पुढे एक मराठी जोडपं.

“बीफ लिव्हर नको गं रेणू. शेजारी सगळे महाराष्ट्र मंडळवाले, वास जाईल.”

“जाऊ दे की. आई नागपुरात खिडक्या लावूनच मोठ्याची कलेजी रांधायची. अमेरिकेत येऊन मीही लावू?”

“निदान एक्झॉस्ट तरी लाव यार.”

“नाही लावणार. कांदा-खोबरं भाजीन, घट्ट रस्सा करीन, अन् दारही उघडं ठेवीन.”

“हळू बोल, मागचे काका मराठी वाटतात.”

“बरंच झालं. काका, बीफची कलेजी करतेय. येता जेवायला?”

काकांनी घसा खाकरला.

“तिखट किती घालता?”

“आम्हाला लागतं तेवढं. पाहुण्यासाठी कमी करत नाही.”