तक्त्यात नसलेला तोआला

बस आधी. बसलेल्या माणसांसमोर उभ्यानं बोलायचं, हे बोटीपलीकडच्या आपियाच्या इस्पितळात शिकवलं का गं तुला, पेरिसे? गावच्या सगळ्या बायका चटईवर, आणि ही मधोमध ताठ उभी, खांबाला तो माणसाच्या छातीपोटाचा तक्ता टांगलेला — आणि मला सांगते, फिलोई मावशी, तावीताच्या पोटाला हात लावायचा नाही! माझ्याच घरात. माझ्या सख्ख्या भावाच्या पोटाला! बायका तोंडावर पंखे धरून हसल्या. आता गेल्या त्या. आता बोल की. नाही, गप्प राहा, मीच बोलते.

तक्ता मी नीट पाहिलाय हं, म्हातारी असले तरी आंधळी नाही. हृदय रक्त ढकलतं, फुप्फुसं त्यात हवा भरतात, यकृत पित्त करतं, मूत्रपिंडं रक्त गाळतात, आतड्यांची ही एवढी वेटोळी — सगळं आहे. आणि तोआला? तोआला कुठंय? पोट कापून पाहिलं तरी सापडत नाही म्हणे! मग राग काढून दाखव बरं कापून. माझा दाखव, आत्ता भरपूर आहे. अगं, तोआला बेंबीखाली आपल्या जागी असला की टारोचा कंद गोड लागतो, झोप लागते, माणूस माणसासारखं वागतं. सरकला की अन्न नको होतं, छाती कोंडते. चाळीस वर्षं मी तो चोळून जागेवर आणतेय, याच अंगठ्यांनी. तुझी आई सात महिन्यांची पोटुशी असताना कण्हत माझ्याकडेच आली होती, तुझ्या इस्पितळात नाही.

आणि तू हसलीस — हसलीसच, मी पाहिलं — आणि म्हणालीस, तावीताच्या बेंबीपाशी हाताला धडधडतं तो तोआला नाहीच, ती हृदयातून निघालेली मोठी धमनी. कण्यापुढून खाली उतरते, धडधाकट माणसात अंगठ्याएवढी जाड. फुगली तर दाबायची नाही, फुटते. असंच म्हणालीस ना? परत सांग. नको, राहू दे.

किती फुगते गं? नाही, सहज विचारते. मुठीएवढी? सेफोची मुठीएवढी होती. माझ्या नवऱ्याची. उताणा झोपला की पोटावरचा कपडा उडायचा — ठक, ठक, ठक — मी म्हटलं, काय दांडगा तोआला हा, चांगलाच वर चढलाय! तो म्हणाला, फिलोई, हळू. मी म्हटलं, गप रे, होडी ओढताना हळू ओढतोस का? आणि सगळा भार टाकला. दोन्ही हातांचा. तो एकदाच ओरडला, आणि मग हाताखालची धडधड थांबली. एकदम. मला इतका आनंद झाला — बसला जागेवर! सांगितलंही मी त्याला, बसला बघ सेफो, ऊठ आता, कोको पी. चांगलं दोनदा सांगितलं. त्याचे डोळे उघडेच होते, मला वाटलं ऐकतोय.

अशी बघू नकोस माझ्याकडे! त्याचे दिवस भरले होते, पाद्रीनं सांगितलंय तसं. अकरा वर्षं झाली, गावात कुणी चकार शब्द काढला नाही, आणि तू कोण गं कालची पोर? रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. गुंडाळ तो तक्ता. पुन्हा या घरात पाऊल टाकलंस तर याद राख.

आणि तावीता मागच्या घरात पडलाय, माझी वाट बघत. त्याला उठवू नकोस, पोरांना बोलावून चटईसकट उचल आणि घाल तुझ्या गाडीत. संध्याकाळच्या बोटीनं पलीकडे तुझ्या इस्पितळात ने. माझं विचारील तो. सांग, फिलोईचे हात दुखतायत.

जा म्हटलं ना!