सांग तुझ्या मावशीला

...आणि वर मलाच म्हणतात, 'तू फार कमी बोलतेस गं!' मी? मी कमी बोलते? अहो, तुम्हाला सांगते, आमच्या घरात सध्या जे काही बोललं जातं ना, ते सगळं माझ्या तोंडून! आता त्यात माझं स्वतःचं एकही वाक्य नसतं, ती गोष्ट वेगळी. आईचं वाक्य मावशीला पोचवायचं, मावशीचं आईला. माल त्यांचा, वाहतूक माझी! संध्याकाळपर्यंत घसा बसतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बाई विचारतात, 'काय गं, तुला तोंड आहे की नाही?' आहे ना बाई. पण भाड्यानं दिलंय.

तुम्हाला वाटेल, आई एका गावाला राहते आणि मावशी दुसऱ्या. छे! एकाच घरात, एकाच खोलीत! बाहेरच्या खोलीत आमचं शिवणाचं दुकान आहे, बायकांचे कपडे शिवतो. आई कापते, मावशी शिवते. आईचं कापायचं टेबल आणि त्याला चिकटून मावशीचं मशीन. नुसता हात लांब केला तर एकीची वेणी दुसरीच्या मुठीत येईल, एवढंच अंतर. आणि मध्ये कोण? मी. स्टुलावर, मांडीवर भूगोल, हातात सुई, कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत.

'सांग तुझ्या मावशीला, डावी बाही आखूड झालीय.'

मावशी तिथंच आहे हो! मावशीच्या कानात गेलं ते! पण मावशी ढिम्म. मशीनवर मान घालून बसून राहणार. का, तर मी अजून सांगितलेलं नाही.

'मावशी, आई म्हणते, डावी बाही आखूड झालीय.'

मग मावशी मान वर करणार, जणू आत्ताच बातमी कळली. 'असं? सांग तुझ्या आईला, आखूड कापली तर आखूडच होणार. मी शिवते. ताणत नाही.'

हा आमच्या घरचा नियम. आजी-आजोबांपासूनचा! त्या दोघांचं बिनसलं की मध्ये आई बसायची, म्हणजे हे काम मला घराण्यातूनच मिळालंय. नियम साधा. मधल्या माणसाच्या तोंडून आलं नाही, तर ते बोललंच गेलं नाही. दोघींनी स्वच्छ ऐकलं असलं तरी नाही! आणि निरोप नुसता पोचवून भागत नाही बरं का, आवाजासकट पोचवायचा. मी आपली हळूच सांगते, तर आई लगेच, 'मी असं मिळमिळीत म्हटलं? नीट सांग. चिडून सांग.' आता मला चिडता कुठं येतं? तरी घेतला श्वास आणि ओरडले, 'आई म्हणते, बाही आखूड झालीय!' तर मावशी दचकून म्हणाली, 'माझ्यावर काय ओरडतेस गं? मोठ्या माणसांशी असं बोलतात?'

सांगा! आता माझं काय चुकलं?

हे सगळं सुरू झालं प्रेमावरून. माझ्या नाही हो! माझ्यावर कोण प्रेम करणार, मी वर्गात 'हजर' म्हणते तेसुद्धा शेजारच्या मुलीला ऐकू जात नाही. मावशीच्या प्रेमावरून. मावशी चाळिशीला आली तशी तिला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून ती समोरच्या चष्म्याच्या दुकानात गेली. चष्मा मिळाला. झालं की नाही काम? नाही झालं. 'नाकावरून घसरतो,' म्हणून पुन्हा गेली. मग 'कानामागे टोचतो.' मग 'आता फारच घट्ट बसतो.' मला एक सांगा, एका चष्म्याच्या दांड्या किती वेळा वाकवतात? तुटून पडायला हवा होता तो एव्हाना! आणि येताना केस विंचरलेले असायचे. चष्म्याच्या दुकानात कंगवा कशाला लागतो?

सगळ्या रस्त्याला कळलं. मला कळलं. सूतभर चूक खोलीच्या त्या टोकावरून पकडणाऱ्या माझ्या आईला मात्र कळलं नाही. तिला कळलं ते बँकेतल्या बाईंकडून. बाई माप द्यायला आल्या होत्या, हात वर करून उभ्या, आईची टेप त्यांच्या कमरेभोवती, आणि त्या हसून म्हणाल्या, 'अभिनंदन हं! धाकट्या बहिणीचं ठरलं ना, चष्मेवाल्यांशी?'

आईनं टेप ओढली.

'अहो... अहो ताई! श्वास! मला श्वास घेऊ द्या!'

बाई गेल्यावर आईनं टेप गळ्यात टाकली, माझ्याकडे वळली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, 'सांग तुझ्या मावशीला, बहिणीच्या लग्नाची बातमी गिऱ्हाइकाकडून ऐकायला फार छान वाटलं.'

आणि मध्ये कोण? मी!

'सांग तुझ्या आईला, तिला काही सांगायला गेलं की ती कात्री उचलते. म्हणून नाही सांगितलं.'

'सांग तिला, मी कापायचं काम करते. कात्री नाही उचलणार तर काय, झाडू उचलू?'

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद, आणि माझं सुरू. आधी मला गंमत वाटली, खोटं कशाला सांगू. मग कंटाळा आला. मग, तुम्हाला सांगते, भीतीच वाटायला लागली. कारण भांडण बाहीवरून असलं की ते बाहीबरोबर संपतं. हे संपेचना. जेवायला बसलं की आई भिंतीकडे तोंड करून जेवणार, मावशी ताटाकडे बघत बसणार, आणि मध्ये मी, 'आई म्हणते, मीठ दे. मावशी म्हणते, तुझ्याजवळच आहे. आई म्हणते, बरं.' माझा घास माझ्या तोंडात जायचा कधी?

आणि मग तो दिवस आला. मावशी म्हणाली, 'सांग तुझ्या आईला, तारीख मिळालीय. पुढच्या महिन्यात. कचेरीत सह्या करायच्या, बस. तिनं यायला हवं.'

मी सांगितलं. आई कापत होती. कापडातून कात्री सरसर चालली होती, ती थांबली. आणि आई म्हणाली... आवाज अगदी बारीक होता तिचा... 'सांग तिला, गेली म्हणजे गेली. उद्या रडत परत यायचं नाही म्हणावं. मी दार उघडणार नाही.'

मशीन बंद.

थोडं मागचं सांगायला हवं इथं. माझे बाबा मी लहान असतानाच गेले. वारले नाहीत हो! नुसते गेले. तेव्हा मावशी एक बॅग घेऊन आली, 'आठवडाभर राहते' म्हणाली, आणि आठवडा काही संपलाच नाही. म्हणजे आई एकटी पडली तेव्हा धावून आलेली कोण, तर मावशी. आणि तिलाच हे सांगायचं. कुणी? मी!

मावशीनं ऐकलं होतं. हाताच्या अंतरावर होती ती, ऐकणार नाही का? पण मान वर केली नाही. ती वाट बघत होती. आईही वाट बघत होती. कात्री हवेत, पाय पायडलवर, आणि दोघी माझ्या तोंडाकडे कान लावून. माझ्या मनात आलं, मी हे बोलले ना, की मग ते खरंच बोललं जाईल.

मी म्हणाले, 'मावशी... आई म्हणते, पांढरा दोरा संपत आलाय.'

मावशीनं मशीनवरचं रीळ फिरवून बघितलं. मग म्हणाली, 'बरं. आणते.'

आईनं तोंड उघडलं, 'मी असं कुठं...' आणि मिटलं. आणि पुन्हा कापायला लागली. बघा म्हणजे! आयुष्यात पहिल्यांदा दोघींच्या मध्ये मी माझ्या मनाचं एक वाक्य बोलले, तेही दोऱ्याबद्दल!

आता प्रश्न आला मावशीच्या लग्नातल्या कपड्याचा. राखी-निळं कापड तिनं आधीच आणून ठेवलं होतं. शिवणार ती स्वतः. पण आपलं माप आपल्याला घेता येतं का? हात वर केला की टेप खाली, टेप धरली की खांदा वाकडा. शेवटी मला म्हणाली, 'तू घे.' मी घेतलं. माझ्या मापाप्रमाणे मावशी वर-खाली सारख्याच रुंदीची होती. आईनं आकडे ऐकले मात्र... 'सांग तिला, हे माप कपाटाचं आहे. माझी बहीण कचेरीत कपाट होऊन जाणार नाही. कापड इकडे दे म्हणावं.'

'सांग तिला, मग माप घे.'

'सांग तिला, मला माप लागत नाही. शाळेत जात होती तेव्हापासून तिचे कपडे मीच कापतेय. झोपेत कापीन.'

आणि कापलंन हो! टेप न लावता, खडूच्या चार रेघा मारून, सरसर. मावशीनं कच्चा टाका घातला. दोघी एकाच कपड्यावर काम करताहेत, आणि बोलणं? माझ्यामार्फत!

मग घालून बघायची वेळ आली. मावशी आरशासमोर उभी, मागे गुडघ्यांवर आई, बाजूला मी. आई कापड धरून बसली की टाचण्या माझ्या ओठांत धरायच्या, असं आमच्याकडे आहे. आई हात पुढे करणार, मी तोंड पुढे करणार, ती एक उपसणार. मूठभर टाचण्या, टोकं बाहेर. साळिंदर दिसते मी तेव्हा.

'सांग तिला, सरळ उभी राहा.'

'म्म.'

'सांग तिला, सरळच उभी आहे.'

'म्म म्म.'

आईनं कमरेपाशी कापड चिमटीत धरायला घेतलं. चिमटीत मावेना, मूठ भरली! दुसरीकडे धरलं, तिकडेही मूठ. खांदा बघितला, तो दंडावर उतरलेला. माझ्या आईचं माप चुकलं? आईचं? ती पुन्हा पुन्हा कापड ओढून बघत होती, आणि तिचा चेहरा पडत चालला होता.

'सांग तिला...' आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात टाचण्या. आता तुम्हाला म्हणून सांगते, हात मोकळे होते माझे. टाचण्या काढता आल्या असत्या. नाही काढल्या.

'म्म,' मी म्हणाले.

आई मावशीकडे वळली. 'अगं, तू जेवतेस की नाही?'

थेट! मध्ये कुणी नाही! मावशी इतकी दचकली की तिला स्वतःलाच टाचणी टोचली.

'जेवते ना.'

'कुठं जेवतेस? ताट जसंच्या तसं उचलतेस. मला वाटलं, राग दाखवतेयस!'

'घास उतरत नाही ताई. तू भिंतीकडे तोंड करून बसतेस.'

'मग इकडे बघ म्हणायचं होतंस!'

'कुणाच्या तोंडून? पोरीची परीक्षा आहे!'

आता आठवली यांना परीक्षा!

'आणि तू झोपतेस का गं ताई? रात्रभर तुझा पलंग करकरतो.'

'तू जागी असतेस म्हणूनच ऐकू येतं ना?' आणि मग आई एकदम खालीच बसली, मावशीच्या कपड्याचं टोक हातात धरून. 'तू गेल्यावर मी भांडू कुणाशी?'

'मी समुद्रापलीकडे चाललेय का? रस्ता ओलांडून चाललेय. त्यांच्या दुकानाच्या वर राहणार. तू शिंकलीस तरी मला ऐकू येईल.'

'आणि तो गेला म्हणजे? जातात ते.'

'तो? चष्मा काढला तर त्याला दार दिसत नाही ताई. जाणार कुठं?'

आईला हसू आलं. तिला ते येऊ द्यायचं नव्हतं, पण नाकातून आलं. मग नाक पुसत म्हणाली, 'तरी. तसं काही झालं... तर सरळ निघून यायचं. दार उघडंच आहे.'

'उघडणार नाही म्हणाली होतीस.'

'ऐकलंस तू?'

'ऐकलं. पण हिनं सांगितलं नाही,' मावशी म्हणाली, 'म्हणून थांबले.'

आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात! कच्च्या टाक्यासकट! टाके तटातट तुटताहेत, आई म्हणतेय, 'रडू नकोस, कापडावर डाग पडतील,' आणि स्वतःच त्यावर रडतेय. मलाही भरून आलं हो, पण रडणार कशी? ओठ उघडले तर टाचण्या सांडतील! मी तशीच उभी, नाक वाहतंय, 'म्म म्म' करतेय, आणि माझ्याकडे बघायला कुणाला वेळ आहे?

त्या दिवसापासून दोघी थेट बोलायला लागल्या. बोलायला म्हणजे काय, भांडायला! बाहीवरून, गळ्यावरून, बटणावरून, सकाळी उठल्यापासून. काय तो आवाज! पण माझं काम सुटलं. मी भूगोल उघडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक अख्खं पान वाचलं मी, तुम्हाला सांगते, वाळवंटात किती शांतता असते ते.

तेवढ्यात चष्मेवाले आले. आईला भेटायला, पहिल्यांदाच, रीतसर. मावशी त्यांना बसवून चहा टाकायला आत पळाली. आणि हे गृहस्थ माझ्याहून लाजरे! खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले, चष्मा काढतात, पुसतात, घालतात, पुन्हा काढतात. समोर आई, पाठ ताठ करून. घड्याळ तेवढं बोलत होतं.

आई खाकरली. तिनं त्यांच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं... आणि मग माझ्याकडे.

'विचार गं त्यांना, चहात साखर किती?'

मी चष्मेवाल्यांकडे बघितलं. म्हटलं, हा बाहेरचा माणूस, शिकलेला, रोज शंभर लोकांशी बोलणारा, हा तरी सरळ उत्तर देईल! अहो, ऐकलं होतं की त्यांनी! पण ते मान खाली घालून गप्प. वाट बघत होते. मी सांगेपर्यंत तोंड उघडेनात!

'आई विचारते, साखर किती?'

तसा त्यांचा चेहरा उजळला. चष्मा नाकावर नीट बसवला आणि हळूच म्हणाले, 'सांग ताईंना... एक चमचा.'

कुणी शिकवलं हो त्यांना? कुणीच नाही! पहिल्याच दिवशी घरातले झाले!

मी भूगोल मिटला, खुर्ची ओढून दोघांच्या बरोब्बर मध्ये नेली, बसले, आणि म्हटलं, 'हं... बोला.'