कांबळेच्या नावाचा कप

टाळ्या थांबवा. अहो साहेब, तुम्हीही बसा. माइक मी घेतलाय. ही शोकसभा आहे.

मंडळी, एवढे सगळे आलात. कांबळेच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्यात. मला बोलता येत नाही, आज तर अजिबात नाही. पण साहेबांनी आत्ता जाहीर केलं. यांच्या कंपनीत पेंटबॉलची स्पर्धा होते, रंगाच्या गोळ्यांची. तिच्या कपाला कांबळेचं नाव देणार. का? तर तो फौजेत स्नायपर होता. ‘किती टिपले, त्यांनाच ठाऊक’, असंही म्हणाले. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

मला ठाऊक आहे. एकही नाही.

स्नायपरची जोडी असते. एक गोळी झाडतो. दुसरा शेजारी पडून दुर्बिणीतून बघतो, अंतर सांगतो, वारा सांगतो. झाडणारा मी. बघणारा कांबळे.

गोळी सुटली की रायफल उसळते. समोरचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जातं. त्याच्या जात नाही. श्वास कसा सोडायचा, घोडा कसा दाबायचा, सगळं आम्हाला शिकवलं. पडणारा माणूस बघून झाल्यावर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. तो बघायचा आणि हळूच म्हणायचा, ‘झालं.’ मी झाडलं. त्यानं पाहिलं.

निवृत्तीनंतर तो यांच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. नोकरीला नव्या पोरांची बॅच आली की साहेब त्याला आत बोलवायचे. ‘काका, सांगा ना, किती?’ पोरं विचारायची, ‘अंकल, हेडशॉट?’ संध्याकाळी माझ्याकडे यायचा. म्हणायचा, ‘तुला कसं कोणी विचारत नाही रे?’ मी म्हणायचो, ‘मी पोस्टातला कारकून दिसतो.’ हसायचा. चहा तसाच ठेवून जायचा.

साहेब, वहिनी समोर बसल्यात. त्यांना विचारलंत? नाही. मघाशी दारात नुसतं सांगितलंत. तेव्हाच त्या मला म्हणाल्या, ‘भाऊजी, नाव तेवढं देऊ नका म्हणावं. ते झोपेतसुद्धा झालं, झालं म्हणायचे.’

ऐकलंत? कप तुमचा. नाव त्यांचं. परत करा.

आता सगळे उभे राहा. फोन बंद. थोडा वेळ कुणीही काही बोलू नका. नंतरही टाळ्या नकोत.

कांबळे, जय भीम.

•

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतून वहिनींना फोन आला. कपाला दुसरं नाव दिलं होतं. स्पर्धा ठरल्याप्रमाणे रविवारीच होणार होती.