विकायला दिलेलं घर

ज्योत्स्ना: पण तुला हे सांगितलं कोणी?

सुलाबाई: एजंटानं. तू आंघोळीला गेली व्हती, फोन मी उचलला. म्हणला, मावशी, तुमची लेक गिऱ्हाईक टिकूच देत नाय. मी म्हणलं, कोणतं गिऱ्हाईक? मला तर म्हणती, घर बघायला कोणी फिरकतच नाय.

ज्योत्स्ना: म्हणून आज हट्टानं गाडीत बसलीस होय माझ्याबरोबर? ओझरवरून पार नाशिकरोडपर्यंत, त्या मोडलेल्या खुब्यानं?

सुलाबाई: खुबा कधीचा जुळला. तू विषय बदलू नको. का नाय म्हणलीस लोकांना?

ज्योत्स्ना: एकाला इथे मोबाईलचं दुकान काढायचं होतं. दुसरा दारातला शेवगा तोडतो म्हणाला. आणि एकानं विचारलं, आधी इथे कोण लोक राहायचे. विचारायची तऱ्हाच तशी होती.

सुलाबाई: त्याला घालवलंस ते ब्येस केलंस. पण शेवगा तोडणाऱ्यानं काय वाईट केलं? दर पावसाळ्यात सुरवंट पडायचे घरभर. ल्हानपणी तुझं अंग सुजून यायचं.

ज्योत्स्ना: बाबांनी लावलाय तो. घरही बाबांनी बांधलंय. प्रेसमधली ड्युटी करून यायचे आणि अंधार पडेपर्यंत विटांवर पाणी मारायचे.

सुलाबाई: बांधलं त्यांनी, झाडलं मी. मी म्हणते ना, विक.

ज्योत्स्ना: आई, तू माझ्यासाठी म्हणतेयस. तुला वाटतं, लेकीला दोन घरांची ओढाताण होते.

सुलाबाई: अगं बये, किती शहाणी तू! मी दवाखान्यात खाटेवर पडली व्हती तवा वकील आला, रजिस्ट्रारसाहेब खाटेपाशी आले. तुझ्या नावानं मुखत्यारपत्र केलं. मोठ्यानं वाचून दाखवलं त्यांनी, मी सही केली. घर विकायचा अधिकार दिला, असं व्हतं त्यात. राखायचा म्हणून एक अक्षर नव्हतं.

ज्योत्स्ना: मला वाटायचं, घर आहे तोवर तू कधीतरी बरी होशील आणि परत येशील इथे. विकलं म्हणजे… तू आता बरी होणार नाहीस असं मीच ठरवल्यासारखं.

सुलाबाई: मी झाले बरी. काठी सोडून चालते. तू सकाळी निघती ती दिवे लागल्यावर येती, तुला कधी दिसावं?

ज्योत्स्ना: मग इथे यायचंय का तुला? तसं सांग. मी आजच एजंटला नको म्हणते.

सुलाबाई: इथं नाय. इगतपुरीला.

ज्योत्स्ना: इगतपुरीला कोण आहे आपलं?

सुलाबाई: नवसा हाय. माझ्या शाळेतली. तिचा मालक रेल्वेत व्हता, गेला मागच्या साली. खाली दोन खोल्या, पुढं ओटा. एकटीच राहती. दवाखान्यात आली व्हती बघ, ती उंच, मोठ्यानं बोलणारी.

ज्योत्स्ना: नर्सनं बाहेर काढली होती ती?

सुलाबाई: तीच. म्हणाली, सुले, ये माझ्याकडं, अर्धं भाडं दे, अर्धा सैपाक कर. घराचे पैशे बँकेत ठेवायचे, त्याच्या व्याजावर माझं भागंल. मी कवाच हो म्हणून बसले. घर विकायची तेवढी वाट बघत व्हते.

ज्योत्स्ना: माझ्याकडे काय कमी पडलं तुला?

सुलाबाई: काय कमी नाय पडलं, जोत्स्ना. तिथंच तर घोटाळा हाय. च्या तू करून ठेवती, पोळ्या तू करून ठेवती, गोळ्या डबीत भरून ठेवती. तिसरा मजला. खिडकीतनं खाली माणसं दिसती, पण हाक मारली तर कोणी वर बघत नाय. दिवसभर मी टीव्हीवरल्या बायांशी भांडते.

ज्योत्स्ना: तिथला पाऊस माहितीये ना? चार-चार महिने कपडे वाळत नाहीत. पडलीस तर?

सुलाबाई: तुझ्या फरशीवरच दोनदा घसरले. सांगितलं नाय तुला.

ज्योत्स्ना: आई!

शुभांगी: येऊ का आत? जयभीम, मावशी. मी शुभांगी. एजंटनी पत्ता दिला. थोडी लवकरच आले, ड्युटी आहे दुपारची.

सुलाबाई: जयभीम, ये बाई. कुठं असती ड्युटी?

शुभांगी: सिव्हिलला. स्टाफ नर्स आहे. घर मला आणि वडिलांना पाहिजे. त्यांना अर्धांगवायू झालाय, म्हणून तळमजलाच शोधतेय. बघू का?

ज्योत्स्ना: बघा ना. ही बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर.

शुभांगी: उजेड छान आहे. ताई, एक विचारू? ही मधली भिंत काढता येईल का?

ज्योत्स्ना: भिंत कशाला? चांगली जाड भिंत आहे. वडिलांनी स्वतः उभे राहून…

शुभांगी: वडिलांचा पलंग बाहेर ठेवेन म्हणते. त्यांना नीट बोलता येत नाही, हाक मारता येत नाही. स्वयंपाक करताना ते मला दिसले पाहिजेत. आणि मी त्यांना.

सुलाबाई: फोड, पोरी. खुशाल फोड.

ज्योत्स्ना: आई…

सुलाबाई: आगं, तुम्ही बापलेक इथं बाहेर हसायचे. पाव्हणे हसायचे. मी तिकडं चुलीपाशी. काय झालं, काय झालं, म्हणून विचारत बाहेर येईस्तोवर हसणं संपलेलं असायचं. तुझ्या बापाला म्हणलं व्हतं, एक खिडकी तरी ठेवा मधी. ते म्हणले, सैपाकघर दिसलं तर बरं दिसत नाय.

ज्योत्स्ना: मला कधी बोलली नाहीस.

सुलाबाई: कशाला बोलू? माणूस चांगला व्हता. भिंत वाईट व्हती.

शुभांगी: मी नंतर येऊ का ताई? तुमचं ठरलं की कळवा.

ज्योत्स्ना: थांबा. ठरलंय. आधी इंजिनिअरला दाखवून घ्या. वरचा भार त्या भिंतीवर असेल तर लोखंडी तुळई टाकावी लागेल. कागद सगळे तयार आहेत. घर आईच्या नावावर आहे, सही मी करीन.

(खरेदीखत झाल्यानंतरचा रविवार. इगतपुरीला, नवसाबाईंच्या घराचा ओटा. व्यवहार ठरताच सुलाबाई इथे राहायला आल्या आहेत.)

सुलाबाई: हळू चढ, पायरी निसरडी हाय. नवसा बाजारात गेली, येईलच. झालं सगळं नीट?

ज्योत्स्ना: झालं. एक गंमत सांगू? आई, तिथे मला लिहून द्यावं लागलं की तू जिवंत आहेस.

सुलाबाई: हां?

ज्योत्स्ना: मुखत्यारपत्र देणारं माणूस हयात नसेल तर मुखत्यारपत्रच संपतं म्हणे. म्हणून तसं घोषणापत्र लागतं. साहेबांनी विचारलं, आई हयात आहेत ना, खात्री आहे?

सुलाबाई: मग?

ज्योत्स्ना: मी म्हटलं, साहेब, सकाळपासून तीनदा फोन केला, उचलत नाहीये. शेवटी उचलला तर म्हणाली, मला वेळ नाय, नवसाच्या भावकीतल्या लग्नाला चाललेय.

सुलाबाई: असं सांगितलंस साहेबाला?

ज्योत्स्ना: सांगितलं. सगळं ऑफिस हसलं. शुभांगीसुद्धा.

सुलाबाई: लग्न लय झ्याक झालं. जिलबी व्हती.

ज्योत्स्ना: तुझा चेहरा भरलाय गं.

सुलाबाई: तुझा उतरलाय. राहती का आज?

ज्योत्स्ना: उद्या ऑफिस आहे.

सुलाबाई: पहाटं गाडी हाय.

ज्योत्स्ना: तुमच्या दोन खोल्यांत जागा कुठंय?

सुलाबाई: मधी झोप आमच्या. नवसा घोरती, पण एका कुशीवर वळवली की गप होती.

ज्योत्स्ना: …गोधडी जाड दे मग. गारठा आहे इथे.